अर्धवट निघालेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष: तपासणीचा क्रम आणि थांबण्याची जागा

विंडोज संगणकातून एखादे सॉफ्टवेअर काढताना मध्येच काहीतरी अडते, काढण्याची खिडकी बंद होते आणि त्यानंतर ते सॉफ्टवेअर धड चालतही नाही आणि धड निघतही नाही. नागपुरातील लहान कार्यालये, दुकाने आणि दवाखाने यांचे संगणक दुरुस्त करताना हा बिघाड माझ्यापुढे वर्षानुवर्षे येत आला आहे. त्यातील बहुतेक वेळा मूळ बिघाड किरकोळ होता. तो वाढला तो घाईघाईत केलेल्या दुरुस्तीमुळे. म्हणून आधी लक्षणे देतो आणि नंतर तपासणी, सोप्या व बिनखर्ची पायरीपासून अवघड पायरीपर्यंत, त्याच क्रमाने सांगतो.

लक्षणे

सर्वांत नेहमीचे लक्षण म्हणजे यादीत अडकून राहिलेले नाव. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत सॉफ्टवेअर दिसते, परंतु अनइन्स्टॉल दाबल्यावर फाइल सापडत नाही असा संदेश येतो, किंवा १६०३, १६०५, १६१२ यांपैकी एखादा क्रमांक दिसतो. हा क्रमांक आला तर तो लगेच लिहून ठेवावा. १६०५ चा अर्थ विंडोजच्या नोंदीनुसार ते सॉफ्टवेअर बसवलेलेच नाही. १६१२ चा अर्थ काढण्यासाठी लागणारी मूळ फाइल जागेवर नाही. १६०३ हा मात्र मोघम क्रमांक आहे आणि त्यावरून एकट्याने काहीच ठरवता येत नाही.

दुसरे लक्षण याच्या उलट असते. यादीतून नाव गेलेले असते, तरीही संगणक सुरू झाला की एखादे मॉड्यूल सापडले नाही अशी खिडकी रोज समोर येते, किंवा काळी खिडकी क्षणभर लुकलुकून जाते. तिसरे लक्षण नवी आवृत्ती बसवताना कळते: जुनी आवृत्ती आधीपासून आहे, ती प्रथम काढा, असे सांगून नवे सॉफ्टवेअर अडून बसते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (संगणकाला जोडायचे स्वाक्षरीचे छोटे उपकरण), प्रिंटर आणि अँटिव्हायरस या तिघांच्या बाबतीत हे विशेष घडते. अँटिव्हायरस काढल्यानंतर विंडोजचे स्वतःचे संरक्षण सुरू न होणे, किंवा त्याच दिवसापासून इंटरनेट बंद पडणे, हीदेखील याच बिघाडाची रूपे आहेत.

काही मेगाबाइटचे फोल्डर किंवा जुन्या सेटिंग्जची एखादी फाइल मागे राहिली असेल आणि वरीलपैकी काहीही घडत नसेल, तर तो बिघाड नव्हे. जे चालू होत नाही आणि कशाच्या आड येत नाही, ते तसेच राहू द्यावे. संगणकाला त्रास नुसत्या पडून राहिलेल्या फाइलचा होत नाही. मागे चालू राहिलेल्या सर्व्हिसचा (पडद्याआड आपोआप चालणाऱ्या भागाचा), ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा चुकीच्या नोंदीचा होतो.

फोल्डर हाताने डिलीट करू नये

सॉफ्टवेअर निघत नाही असे दिसताच प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन त्याचे संपूर्ण फोल्डर डिलीट करावेसे वाटते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण बहुतेक सॉफ्टवेअरची स्वतःला काढून टाकणारी फाइल त्याच फोल्डरमध्ये असते. ती गेली की विंडोजकडे नाव उरते, सर्व्हिस उरते, नोंदी उरतात, आणि त्या आवरण्याचे साधन तेवढे नाहीसे झालेले असते.

इतवारीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर अँटिव्हायरसची मुदत संपली होती. घरातील एका मुलाने त्याचे फोल्डर डिलीट केले. निम्म्या फाइल गेल्या आणि उरलेल्या वापरात असल्यामुळे हलल्या नाहीत. त्यानंतर रोज सकाळी संगणक सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात संरक्षण बंद असल्याची सूचना येई आणि विंडोज सिक्युरिटी उघडली तर तिथे त्याच मोडक्या अँटिव्हायरसचे नाव दिसे. विंडोजची रीत अशी आहे की दुसऱ्या अँटिव्हायरसची नोंद असेल तर तिचे स्वतःचे डिफेंडर बाजूला होते. नोंद शिल्लक होती, रक्षण करणारे मात्र कोणी नव्हते, आणि बँकेचे सर्व व्यवहार त्याच संगणकावरून चालू होते.

दुसरी अशीच चूक जागा मोकळी करताना होते. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये इन्स्टॉलर नावाचे एक लपवलेले फोल्डर असते. विंडोज इन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या बसवण्या-काढण्याच्या यंत्रणेने बसवलेल्या सॉफ्टवेअरची मूळ पाकिटे तिथे जपून ठेवलेली असतात आणि दुरुस्ती, अद्ययावत करणे किंवा काढणे यासाठी तीच लागतात. धंतोलीतील एका दवाखान्यात १२० जीबीची एसएसडी भरली म्हणून कोणीतरी हे फोल्डर रिकामे केले. लगेच काहीच बिघडले नाही, परंतु काही महिन्यांनी सॉफ्टवेअर काढायला घेतले तेव्हा एकामागून एक १६१२ येऊ लागला. त्या फोल्डरला हात लावू नये, ते कितीही मोठे दिसले तरी.

काम सुरू करण्यापूर्वी

हिशेबाचा डेटा, रुग्णांच्या नोंदी, डेस्कटॉपवरील फाइल यांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. रिस्टोर पॉइंट, म्हणजे काही बिघडल्यास विंडोजच्या आधीच्या स्थितीवर परत येण्याची खूण, तयार करावा. अनेक संगणकांवर ही सोय बंद असते, म्हणून आधी ती सी ड्राइव्हसाठी चालू करावी लागते. ड्राइव्हवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून जवळ ठेवावी, कारण पुढे सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढेच चालू ठेवणाऱ्या विंडोजमध्ये, जाताना संगणक ती मागू शकतो आणि त्या क्षणी ती शोधायला जागा नसते. उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्याच्या सुमारास वादळ सुटले की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसलेल्या संगणकावर हे काम त्या दिवसांत दुपारनंतर हाती घेऊ नये. माझ्याकडे आलेल्या अर्धवट काढण्यांपैकी कितीतरी नेमक्या अशाच वीज जाण्याने झालेल्या होत्या.

पहिली तपासणी: रिस्टार्ट

संगणक बंद करून पुन्हा चालू करणे आणि रिस्टार्ट करणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि चालू करताना तोच परत आणला जातो, त्यामुळे जुने ड्रायव्हर पूर्णपणे सुटत नाहीत. रिस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते, आणि वापरात असल्यामुळे काढता न आलेल्या ज्या फाइल पुढील सुरुवातीसाठी राखून ठेवलेल्या असतात, त्या तेव्हा काढल्या जातात. स्टार्ट मेन्यूतून रिस्टार्ट निवडावे, पाच मिनिटे संगणक शांत राहू द्यावा आणि मग पुन्हा काढून पाहावे. दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे, म्हणजे १६१८, असा संदेश येत असेल तर तोही बहुधा इथेच सुटतो, कारण विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम घेते आणि मागील काम अडकलेले असते.

दुसरी तपासणी: खाते आणि दोन्ही याद्या

ज्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत त्या खात्यातूनच काढावे. काही सॉफ्टवेअर केवळ एका वापरकर्त्यासाठी बसवलेले असते; ते त्याच्याच खात्यातून निघते आणि इतर खात्यांत दिसतही नाही. सेटिंग्जमधून निघाले नाही तर कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्राम्स अँड फीचर्स ही जुनी यादी उघडून तिथून प्रयत्न करावा. तिथे काही सॉफ्टवेअरसाठी रिपेअर हा पर्याय मिळतो, आणि रिपेअर यशस्वी झाले की काढणेही बहुतेक वेळा सुरळीत होते.

तिसरी तपासणी: तीच आवृत्ती पुन्हा बसवून काढणे

काढायचे आहे तेच पुन्हा बसवायचे, हे प्रथम ऐकताना पटत नाही. तरीही, इतक्या वर्षांत सर्वाधिक वेळा याच उपायाने माझे काम झाले आहे. हरवलेल्या फाइल, त्यांत काढून टाकणारी फाइलही आली, पुन्हा आपापल्या जागी येतात आणि विंडोजची नोंद व डिस्कवरील वस्तुस्थिती यांचा मेळ बसतो. आवृत्ती मात्र तीच हवी. यादीत नावाखाली किंवा बाजूला आवृत्तीचा क्रमांक दिसतो, तो अक्षरशः जुळवावा. नवी आवृत्ती घेतली तर ती जुनीला आधी काढू पाहते आणि त्याच ठिकाणी अडकते. फाइल निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी, किंवा कार्यालयात जपून ठेवलेली मूळ सीडी वा पेनड्राइव्ह वापरावा.

चौथी तपासणी: तयार साधने

मायक्रोसॉफ्टचे बसवण्या-काढण्याच्या अडचणींसाठीचे एक मोफत साधन आहे. ते उघडून, काढताना अडचण येते हा पर्याय निवडून, यादीतील सॉफ्टवेअरवर क्लिक करावे. ते विंडोज इन्स्टॉलरच्या बिघडलेल्या नोंदी स्वतः साफ करते. धरमपेठेतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात महिन्याच्या १८ तारखेला डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे नवे सॉफ्टवेअर बसेना, आणि जीएसटीआर ३बी विवरणपत्राची २० तारीख समोर होती. जुने नाव यादीत नव्हते, तरी नवे सॉफ्टवेअर जुन्याचे अस्तित्व सांगत होते. या साधनाच्या यादीत मात्र जुने नाव निघाले, तिथून ते साफ केले, रिस्टार्ट केले आणि नवे त्याच संध्याकाळी बसले. ही साधने ज्या जुन्या यंत्रणेवर चालतात ती टप्प्याटप्प्याने मागे घेण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे नव्या विंडोज ११ वर ते उघडले नाही तर त्यात वेळ न घालवता पुढे जावे.

अँटिव्हायरससाठी मार्ग वेगळा आहे. विषाणूने आपल्याला बंद पाडू नये म्हणून अँटिव्हायरस स्वतःच्या फाइल आणि सर्व्हिस यांभोवती संरक्षण ठेवतो, आणि तेच संरक्षण आपल्यालाही अडवते. म्हणून बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या आपले अवशेष काढण्याचे स्वतंत्र साधन देतात. ते पुष्कळदा सेफ मोडमध्ये चालवावे लागते. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करावे, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि स्टार्टअप सेटिंग्ज या मार्गाने जावे आणि रिस्टार्ट झाल्यावर ४ दाबावे. इतवारीच्या त्या पेढीवर आधी तीच आवृत्ती पुन्हा बसवली, मग कंपनीचे साधन सेफ मोडमध्ये चालवले. रिस्टार्टनंतर डिफेंडर कोणीही न सांगता आपोआप सुरू झाले. नेहमीच्या पद्धतीने बसवलेले सॉफ्टवेअर सेफ मोडमध्ये काढण्याचा प्रयत्न मात्र अनेकदा निष्फळ ठरतो, कारण तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिसच चालू नसते.

असे साधन शोधताना अतिशय सावध राहावे. शोधात वर दिसणारा प्रत्येक दुवा कंपनीचाच असतो असे नाही, आणि मदतीसाठी म्हणून दिलेल्या क्रमांकावर फोन केला की समोरचा माणूस संगणकाचा ताबा मागतो. ताबा देऊन पैसे गेले असतील तर आधी इंटरनेट तोडावे, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. सॉफ्टवेअरचे नंतर पाहता येते.

पाचवी तपासणी: सुरुवातीला काय चालू होते

नाव गेले, तरी रोज खिडकी येते, अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि स्टार्टअपचा भाग पाहावा. तिथे पुष्कळदा एक नोंद दिसते: कोरे चिन्ह, निर्मात्याची जागा रिकामी, आणि नाव फक्त प्रोग्राम. ही नोंद पाहून लोक विषाणू समजतात. बहुतेक वेळा तो विषाणू नसतो. सुरुवातीला चालवायच्या फाइलचा पत्ता नोंदीत राहिलेला असतो, तो अवतरणचिन्हांविना लिहिलेला असतो आणि फाइल गेलेली असते, म्हणून विंडोज पत्त्यातील प्रोग्राम फाइल्स या नावाचा पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचाच शब्द दाखवते. स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून कमांड लाइन हा स्तंभ चालू केला की पूर्ण पत्ता दिसतो आणि तो कोणत्या सॉफ्टवेअरचा आहे हे कळते. नोंद डिसेबल केली की त्रास थांबतो, आणि पुष्कळांनी इथेच थांबायला हरकत नाही.

स्टार्टअपमध्ये काही सापडले नाही तर टास्क शेड्यूलर पाहावा, कारण अद्ययावत होण्यासाठी ठेवलेली नियोजित कामे सॉफ्टवेअर गेल्यावरही तिथे राहतात. हे सर्व एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ऑटोरन्स हे मोफत साधन उत्तम आहे. त्यात ज्या नोंदीची फाइल जागेवर नाही ती पिवळ्या रंगात दिसते. नोंद डिलीट करण्याऐवजी तिच्यापुढील खूण काढावी; दोन दिवस संगणक नीट चालला तर मग डिलीट करावी. पिवळी दिसली म्हणून प्रत्येक नोंद काढत सुटू नये, आपल्या सॉफ्टवेअरचे नाव असलेलीच घ्यावी.

सहावी तपासणी: सर्व्हिस आणि ड्रायव्हर

फोल्डर दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडे आहे असा संदेश येत असेल, तर त्याची सर्व्हिस मागे चालू असते. सर्व्हिसेसच्या खिडकीत तिचे नाव शोधावे, प्रॉपर्टीज उघडून फाइलचा पत्ता खरोखर त्याच सॉफ्टवेअरच्या फोल्डरचा आहे याची खात्री करावी, ती थांबवावी आणि स्टार्टअप प्रकार डिसेबल्ड करावा. रिस्टार्टनंतर फोल्डर मोकळे होते, आणि काढण्याचा नेहमीचा मार्ग आधी चालवून पाहिलेला असेल तरच आता ते डिलीट करण्याची वेळ आलेली असते. सर्व्हिसची नोंद पूर्णपणे पुसणे बहुधा आवश्यक नसते. कोणी ती कमांडने पुसली आणि ती डिलीट होण्यासाठी चिन्हांकित आहे असे उत्तर आले, तर घाबरू नये: सर्व्हिसेसची खिडकी आणि टास्क मॅनेजर बंद करून रिस्टार्ट केले की ती जाते.

प्रिंटरच्या बाबतीत आधी प्रिंटर काढावा, मग प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमधील ड्रायव्हर्स या भागातून ड्रायव्हर आणि त्याचे पॅकेज दोन्ही काढावे. केवळ प्रिंटर काढला तर नवा बसवताना विंडोज तोच जुना ड्रायव्हर पुन्हा उचलते. टोकनसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपवलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय चालू करावा. फिकट चिन्हाची उपकरणे आता जोडलेली नसतात; त्यांतील आपलेच निवडून काढावे. डिस्क, कीबोर्ड किंवा नेटवर्क यांच्याखालील अनोळखी नोंदींना हात लावू नये.

सातवी तपासणी: रजिस्ट्री

इथे येईपर्यंत बहुतेक काम झालेले असते, आणि उरते ते फक्त यादीतील नाव. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सर्व नोंदींची वही. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनखालील सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल या मार्गाने गेल्यावर प्रत्येक सॉफ्टवेअरची एक उपनोंद दिसते. काहींची नावे वाचता येतात, काहींची कंसातील लांबलचक आकडे व अक्षरे असतात. उजवीकडील डिस्प्ले नेम पाहून आपली ओळखावी. ३२ बिट सॉफ्टवेअरची नोंद वॉव६४३२नोड या शाखेत आणि एका वापरकर्त्यापुरती नोंद करंट यूजरखाली असते. सापडलेल्या उपनोंदीवर राइट क्लिक करून आधी एक्सपोर्ट करावे, ती फाइल जपावी आणि मग फक्त तेवढी उपनोंद डिलीट करावी, अनइन्स्टॉल हे मूळ फोल्डर नव्हे.

यामुळे यादीतील नाव जाते, बाकी काही नाही. कंसातील आकड्यांच्या बहुतेक सॉफ्टवेअरची खरी नोंद विंडोज इन्स्टॉलर वेगळ्या ठिकाणी, अक्षरांचा क्रम बदलून ठेवते. ती हाताने शोधत बसू नये. रजिस्ट्री साफ करणारी सर्वसाधारण सॉफ्टवेअरही वापरू नयेत. मायक्रोसॉफ्ट त्यांना पाठिंबा देत नाही, आणि तिने स्वतःचेच जुने विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप हे साधन २०१० मध्ये मागे घेतले, कारण त्यामुळे इतर सॉफ्टवेअरचे नुकसान होत होते. काही पेनड्राइव्हवर ते अजूनही फिरताना दिसते.

कुठे थांबावे

पुढीलपैकी काहीही घडले तर त्याच क्षणी हात थांबवावा आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे. ड्रायव्हर काढल्यानंतर निळा पडदा आला किंवा संगणक सुरूच होईना. बिटलॉकर की मागतो आहे आणि ती जवळ नाही. फाइल वाचताना डिस्क अडखळते किंवा तिच्यातून टकटक आवाज येतो. यांतील शेवटच्या प्रसंगी तर संगणक बंदच ठेवावा, कारण तेव्हा प्रश्न सॉफ्टवेअरचा राहिलेला नसतो, डेटा वाचवण्याचा असतो. काढलेली नोंद रिस्टार्टनंतर पुन्हा पुन्हा उगवत असेल तर ती अवशेष नसून घातक सॉफ्टवेअर असण्याची शक्यता मोठी आहे. संगणक कार्यालयाच्या सर्व्हरला जोडलेला असेल तर तिथल्या व्यवस्थापकाला विचारल्याशिवाय चौथ्या तपासणीपुढे जाऊ नये. आणि हिशेबाच्या डेटाची प्रत नसेल, तर मी पहिल्या तपासणीपुढेही जात नाही.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी सॉफ्टवेअरचे पूर्ण नाव, आवृत्ती, आलेला क्रमांक आणि केलेल्या पायऱ्या एका कागदावर लिहून ठेवाव्यात, पडद्यावरील संदेशाचा मोबाइलने फोटो घ्यावा. फोल्डर हाताने डिलीट केले असेल तर तेही संकोच न करता सांगावे. ते आधी कळले तर मी येतानाच त्या आवृत्तीची फाइल सोबत आणतो. न कळल्यास पहिला तास तेच शोधण्यात जातो.